पीपी पट्टी दर उन्हाळ्यात तुटते? ओव्हनच्या नॉबला हात लावण्याआधी टाकीत हात घाला

खोके बांधायची पीपी (पॉलिप्रॉपिलीन) पट्टी काढणाऱ्या छोट्या लाइनींसाठी हे लिहितोय. नवख्यांसाठी एका ओळीत: प्लॅस्टिकचा दाणा वितळवून डायच्या फटीतून पाण्याच्या टाकीत सोडतात, तिथे थिजलेली कच्ची पट्टी पहिल्या रोलर स्टँडवरून ओव्हनमध्ये जाते, आणि जास्त वेगाने फिरणारा पुढचा स्टँड तिला ओढून लांब करतो. नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या भागात ज्यांची लाइन आहे त्यांना पुढची लक्षणं ओळखीची वाटतील.

मार्च उजाडला की दुपारच्या शिफ्टला पट्टी ओव्हनमध्ये तुटायला लागते. लाइन सुरू केली की अर्धा-पाऊण तास गाडी रुळावर, मग फट्. पुन्हा टोक ओढून रोलरवरून घ्या, पुन्हा वेग वाढवा, पुन्हा फट्. रात्री दोन-तीननंतर मात्र कुणी काही न करता तीच लाइन निमूटपणे चालते. आणि नेमक्या त्याच महिन्यात वाशीच्या मार्केटमधून उलटी तक्रार येते: पट्टी तुटत नाही, बांधताना उभी चिरते. हापूसचा सीझन आणि आमच्या पट्टीच्या रडारडीचा सीझन एकच.

आम्ही यात तीन उन्हाळे घालवले. पहिल्या वर्षी दाण्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी ओव्हनचे हीटर, सेन्सर, ब्लोअर सगळं बदललं. तिसऱ्या वर्षी लाइनीवरचे मामा एवढंच म्हणाले, "साहेब, पाणी केवढं तापलंय, हात तरी घालून बघा." हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मग थर्मामीटर सोडला तर डायच्या बाजूला ४७ अंश. तोपर्यंत टाकीवर थर्मामीटरच नव्हता, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्या दिवशी पाण्याचं शटडाऊन होतं, टाकीत नवीन पाणी येत नव्हतं, तेच ते पाणी सकाळपासून फिरत होतं. जुनी लॉगबुकं काढून बघितली तर सगळ्यात जास्त तुटफूट शटडाऊनच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच होती. तीन वर्षं ते डोळ्यांसमोर होतं.

आता पाण्याचा आणि पट्टी तुटण्याचा संबंध काय, ते नीट समजून घेऊ. ते समजल्याशिवाय जो उपाय कराल तो चुकीचाच निघेल. आमचे सगळे तसेच निघाले.

पट्टीच्या आत काय असतं

पॉलिप्रॉपिलीन म्हणजे लांबच लांब साखळ्या. वितळलेल्या मालात त्या उकडलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड होताना काही भाग शिस्तीत रचला जातो, तो स्फटिक. बाकीचा तसाच अस्ताव्यस्त राहतो. साखळ्या स्फटिकात सरळ उभ्या राहत नाहीत, पुन्हा पुन्हा मागे वळून घड्या घालतात, साडीच्या निऱ्यांसारख्या. पॉलिथिलीनच्या बाबतीत हे अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये दाखवलं. अशी एक घडीदार चकती साधारण १० नॅनोमीटर जाड असते. अशा असंख्य चकत्या एका केंद्रातून चहूकडे वाढत जातात आणि त्यांचे गोळे होतात. मायक्रोस्कोपखाली ते फुलासारखे दिसतात.

कामाची गोष्ट पुढे आहे. काही साखळ्या एका चकतीच्या निऱ्यांतून निघून मधला अस्ताव्यस्त भाग पार करतात आणि पुढच्या चकतीत शिरतात. पट्टी एकसंध राहते ती शिवणीच्या टाक्यांसारख्या या साखळ्यांमुळे; पुढे त्यांना टाके म्हणतो. ताण एका चकतीकडून दुसरीकडे पोचतो तोही यांच्याचमार्फत. टाके भरपूर असतील तर पट्टी ओढली जाते. कमी असतील तर गोळ्यांच्या सीमेवर उसवते.

टाके किती राहणार ते ठरतं माल कसा थंड झाला त्यावर. घरी लोणी कढवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कढवलेलं तूप ओट्यावर सावकाश थिजू दिलं की रवाळ होतं, लगेच फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत. सावकाश थंड झालं की थोडीच केंद्रं आणि मोठे दाणे. झटकन थंड झालं की केंद्रंच केंद्रं आणि बारीक दाणे. पॉलिप्रॉपिलीनचंही तेच. गरम पाण्यात पट्टी सावकाश थिजते, साखळ्यांना निवांत घड्या घालायला वेळ मिळतो, चकत्या जाड होतात, गोळे मोठे होतात आणि मधले टाके कमी पडतात. तुपाला रवाळपणा शोभतो, पट्टीला नाही.

त्यात पट्टी जाड. आमची तयार पट्टी १२ मिमी रुंद, ०.६ मिमी जाड, पण ओढण्याआधीची कच्ची पट्टी साधारण ३६ मिमी रुंद आणि १.८ मिमी जाड असते. प्लॅस्टिक उष्णता फार हळू सोडतं आणि जाडी दुप्पट झाली की गाभा थंड व्हायला चौपट वेळ लागतो. म्हणजे बाहेरून थंड, कडक लागणाऱ्या पट्टीचा गाभा टाकीतून निघेपर्यंत रवाळ झालेला असू शकतो. बोटाला हे कळत नाही.

पकडीने ओढून बघा

हा प्रयोग प्रत्येक नव्या ऑपरेटरला मी करायला लावतो. पहिल्या रोलर स्टँडच्या आधी कच्च्या पट्टीचा वीतभर तुकडा कापा. धारदार कटरने त्यातून २ मिमी रुंद काप उभा कापून काढा. मार्करने त्यावर दर १० मिमीवर रेघा मारा. एक टोक व्हाइसमध्ये आवळा, दुसरं पकडीत धरा आणि सावकाश ओढा. दहा-बारा किलोचं बळ लागेल.

आधी काप जरासा ताणला जाईल आणि हात ढिला केला तर परत जागेवर येईल. आणखी ओढा. एका क्षणी हाताला जाणवेल की आतून काहीतरी सुटलं, आणि कापाच्या एकाच जागी अचानक कंबर पडेल. मशीनवर आपण तिला नेक म्हणतो. आता गंमत बघा. धातूच्या तारेला अशी कंबर पडली की तार तिथेच तुटते. इथे कंबर तुटत नाही, ती पसरते. जाड भाग दोन्ही बाजूंनी गिळत गिळत ती पुढे सरकते आणि सगळं होईपर्यंत हाताला लागणारं बळ जवळजवळ तेवढंच राहतं. कारण कंबरेतला भाग आता पूर्वीचा राहिलेला नसतो. चकत्या तिरक्या झाल्या, घसरल्या, फुटल्या, निऱ्या सुटल्या आणि साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होऊन बारीक तंतूंत रचल्या गेल्या. तो भाग शेजारच्या न ओढलेल्या भागापेक्षा कितीतरी मजबूत झाला, म्हणून पुढचा बळी शेजाऱ्याचा.

ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत ज्यूलियन हिल यांना १९३० मध्ये असंच काहीसं दिसलं होतं. वितळलेल्या पॉलिएस्टरमधून काडीने धागा ओढला, तो थंड झाल्यावर आणखी ताणला, तर तो कितीतरी पट लांब आणि मजबूत झाला. कृत्रिम धाग्यांच्या धंद्याचं मूळ तिथे आहे. आपली पट्टीसुद्धा त्याच वंशावळीतली.

रेघांमधलं अंतर आता मोजा. १० मिमीचे ५० झाले असतील तर त्या तापमानाला, त्या वेगाने तुमचा माल आपणहून पाच पट ओढला जातो. लाइनीवरची आठ-नऊ पट ओढ यापुढे जबरदस्तीने, ओव्हनच्या उष्णतेच्या मदतीने करायची असते. पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. त्याच्या बऱ्याच खाली, १०० अंशांच्या पुढे, स्फटिकातल्या साखळ्याही घड्यांमधून सरकू लागतात. ओव्हनचं काम तेवढंच. नीट थंड झालेली पट्टी मऊ करून ओढायला तो मदत करतो. रवाळ झालेली पट्टी दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही.

हाच प्रयोग सकाळच्या आणि दुपारच्या कच्च्या पट्टीवर शेजारी शेजारी केला तेव्हा आमचा वाद संपला. सकाळचा काप कंबर पाडून लांबत गेला. दुपारचा थोडा ताणला, खडूसारखा पांढरा पडला आणि मट्कन तुटला. पांढरा रंग म्हणजे आत बारीक पोकळ्या पडल्या. दाणा एकच, मास्टरबॅच (रंग किंवा फिलर घातलेला दाणा) एकच, डाय एकच.

दोन तक्रारी, रोग एक

पट्टी तुटायला लागली की आपण काय करतो? ओव्हन दहा अंश वाढवतो. तुटणं कमी होतं, सगळे खूश. पण जास्त गरम पट्टी ओढताना साखळ्या नीट ताणल्या न जाता बऱ्याचशा एकमेकींवरून नुसत्या घसरतात. लांबी वाढते, तेवढी ताकद वाढत नाही. संध्याकाळी तणाव टेस्टला रोल नापास. मग कुणीतरी म्हणतं ड्रॉ, म्हणजे ओढ, वाढवा. दुसऱ्या स्टँडचा वेग वाढतो, ड्रॉ रेशो (पट्टी किती पट ओढली तो आकडा) साडेनवाच्या पुढे जातो, रोल टेस्टला पास होतो आणि टेंपोत चढतो. तीच पट्टी वाशीला गाळ्यात उभी चिरते.

कारण बांबू. बांबूला कोयता उभा लावला की सरसर चिरत जातो, आडवा लावला तर घाम फुटतो. भरमसाट ओढलेल्या पट्टीत सगळ्या साखळ्या लांबीच्या दिशेने लागलेल्या असतात. लांबीत ओढलं तर साखळीतला कार्बन-कार्बन बंध ताण घेतो, तो भक्कम. रुंदीत मात्र साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं अगदी किरकोळ आकर्षण असतं. खोक्याच्या कोपऱ्यावर पट्टी वळली, पट्टी आवळायच्या टेन्शनरच्या दातांनी चावली की तिथून तंतू सुटतात. तणाव टेस्ट फक्त लांबीची ताकद मोजते, म्हणून ती या दोषाबद्दल कधीच बोलत नाही. आमच्याकडे आता साधी चाचणी आहे: एक फूट पट्टी पीळ देऊन दोन-तीनदा मोडायची आणि अंगठ्याच्या नखाने कडेला ओरखडायचं. केसाळ होऊन सुटली तर रोल बाजूला.

चिरण्यावर फिलरचा, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या भुकटीचा, डोस वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडं कॅल्शियम कार्बोनेट खरंच चिरणं कमी करतं, काही टक्के एलएलडीपीई (एक मऊ पॉलिथिलीन) घातलं तरी फरक पडतो, आणि पट्टीवर नक्षी उठवणारा एम्बॉसिंगचा रोलर नीट दाबला तर तंतूंची सरळ रांग मोडते. पण मूळ ओढच जास्त असेल तर हे सगळं वरवरचं. शिवाय फिलर स्वस्त म्हणून हात सैल सुटतो आणि तो ओला असला की पट्टीत पोकळ्या करतो. पावसाळ्यात फिलर मास्टरबॅचची पिशवी उघडी ठेवू नका.

तुटलेलं टोक वाचा

टोकं भंगारात टाकण्याआधी त्यांच्याकडे बघा. टोक जाडच आहे, चौकोनी तुटलंय, कडेला पांढुरकं आहे, तर पट्टी कंबर पडायच्या आधीच तुटली. टाकीकडे जा. टोक पातळ, लांब, दाढी करायच्या ब्रशसारखं केसाळ असेल तर ती गरजेपेक्षा जास्त ओढली गेली. ड्रॉ रेशो बघा. टोकात काळा ठिपका किंवा न वितळलेला कण दिसला तर डायच्या आधीची गाळणीची जाळी बदला आणि कुणी कोणतं रिप्रोसेस (भंगारापासून परत केलेला दाणा) मिसळलं ते विचारा. यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही.

पट्टीवर ठरावीक अंतराने जाड-पातळ लाटा असतील तर ओव्हनच्या काचेतून नेक बघा. ती एका जागी स्थिर हवी. पुढे-मागे नाचत असेल तर पट्टी ओली ओव्हनमध्ये जातेय. पाण्याचा थेंब जिथे आहे तिथे पट्टी थंड राहते, तिथे ओढ कमी बसते, आणि ती कसर शेजारच्या कोरड्या भागाला भरून काढावी लागते. टाकीच्या तोंडाशी स्पंज आणि हवेचा झोत, दोन्ही हवेत. आमचा स्पंज झिजून झिजून बिस्किटाएवढा झाला होता.

वजनकाट्याची चाचणीही करा, पाच मिनिटांचं काम आहे. एक मीटर कच्ची पट्टी आणि एक मीटर तयार पट्टी तोला. वर दिलेल्या मापांना कच्ची साधारण ५८-५९ ग्रॅम आणि तयार साधारण ६.५ ग्रॅम भरेल. भागाकार नऊ, तोच तुमचा खरा ड्रॉ रेशो. आता पॅनेलवर पहिल्या आणि शेवटच्या स्टँडच्या वेगांचा भागाकार करा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पट्टी रोलरवर घसरतेय आणि पॅनेल तुम्हाला खोटं सांगतंय. आम्ही पहिल्यांदा तोललं तेव्हा पॅनेलवर ९.४ होता, काट्यावर ८.७. ओली पट्टी पहिल्या स्टँडवर घसरत होती.

टाकीचं काय केलं

आधी स्वस्त उपाय. डाय आणि पाण्याची पातळी यांच्यातलं अंतर कमी केलं, म्हणजे हवेत रेंगाळणारा वेळ गेला. पाणी पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वाहील अशी पाइपची जोडणी केली. आधी ते एकाच कडेने यायचं आणि पट्टीची एक बाजू कायम वाकडी ओढली जायची. टाकीच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावले.

मग कूलिंग टॉवर घेतला आणि इथे आम्ही फसलो. कूलिंग टॉवर पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने, त्यामुळे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर जे तापमान दिसतं त्याच्या खाली तो पाणी नेऊच शकत नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत मे-जूनमध्ये तो आकडाच २७-२८ च्या आसपास असतो. टॉवरमधून निघणारं पाणी त्याहून तीन-चार अंश वर, आणि लाइन चालू असताना टाकी आणखी वर. शेवटी जुना चिलर (फ्रीजसारखं पाणी गार करणारं यंत्र) घेतला. आमच्या पट्टीला टाकीत २५ ते ३० अंश मानवतात. तुमची जाडी आणि वेग वेगळा असेल तर आकडा तुम्हालाच शोधावा लागेल. फार थंड पाणीही बरं नाही: जाड पट्टीची साल आधी कडक होते आणि गाभा आकसताना आत पोकळ्या सोडतो.

त्यानंतर ओव्हन जुन्या सेटिंगवर आणला, ड्रॉ रेशो खऱ्या अर्थाने साडेआठवर ठेवला आणि तिसऱ्या स्टँडचा वेग दुसऱ्यापेक्षा काही टक्के कमी ठेवून पट्टीला गरम असतानाच थोडं आकसू दिलं. हे आकसणं ओव्हननंतर टाळलं तर पट्टी ते गोदामात रोलवर करते आणि रोलचा गाभा चेपतो. शेटना साडेआठ पटलं नाही. जास्त ओढली की पातळ पट्टीला तेवढीच ताकद मिळते आणि किलोमागे मीटर वाढतात, हे त्यांचं गणित चुकीचं नाही. फक्त त्यात परत आलेले रोल धरलेले नव्हते.

पट्टीचा दोष नसलेल्या दोन तक्रारी

"काल घट्ट बांधलं, आज सैल" ही तक्रार आली की लाइनीवर धावत जाऊ नका. नेहमीच्या तापमानाला पीपीमधला अस्ताव्यस्त भाग गोठलेला नसतो, तो शून्य अंशाच्या जवळपास गोठतो. त्यामुळे ताणलेल्या पट्टीत साखळ्या हळूहळू सरकत राहतात आणि ताण ओसरतो. पीईटी (बाटल्यांचं पॉलिएस्टर) पट्टीत तोच भाग ७० अंशांच्या पुढेपर्यंत गोठलेला राहतो, म्हणून ती ताण धरते. जड माल दिवसेंदिवस बांधून ठेवायचा असेल तर गिऱ्हाइकाला सरळ पीईटी सांगा. आपला रोल खपवण्याच्या नादात उद्याची शिवी कशाला घ्या.

दुसरी तक्रार तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांची: पट्टी उणे १८ अंशांत खोकं आपटलं की काचेसारखी तुटते. तिथे तो अस्ताव्यस्त भागही गोठलेला असतो, धक्का पोटात घ्यायला कुणी उरत नाही, आणि होमोपॉलिमर (निव्वळ प्रॉपिलीनच्या साखळ्यांच्या) पीपीचा स्वभावच तसा. अशा ऑर्डरला आम्ही वेगळा दाणा वापरतो आणि दर वेगळा लावतो. खोकं खोलीत नेण्याआधी, बाहेरच बांधा, एवढं मात्र गिऱ्हाइकाला बिलावर लिहून देतो.